गिरगावच्या पोटातलं स्टेशन : मेट्रो ३ च्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०१७

ठाकुरद्वारच्या बाजूला पत्रे लागले. मी पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकवते आणि राहते गिरगावातच, त्यामुळे चाळीत कुणाला काही प्रश्न पडला की तो माझ्याकडे येतो आणि आता रोजच पडायला लागलेत, म्हणून ठरवलंय की जे दिसेल, जे कळेल ते तारीख घालून लिहून ठेवायचं. मी प्रकल्पात कामाला नाही. एक जुना विद्यार्थी याच लाईनवर साइट इंजिनीअर आहे, आतलं काही अडलं तर त्याला फोन करते.

आधी लाईन काय आहे ते लिहून टाकते. कुलाबा-वांद्रे-सीप्झ, ३३.५ किमी, २७ स्टेशनं, त्यातलं फक्त आरेचं जमिनीवर, बाकी २६ खाली. बांधतेय मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन, कर्जाचा मोठा भाग जायका या जपानच्या सरकारी संस्थेचा. भुयारी कामाची सात पॅकेजेस, म्हणजे तुकडे, पाडून २०१६ मध्ये कंत्राटं दिली. आपलं गिरगाव पॅकेज क्रमांक दोनमध्ये, सीएसटी, काळबादेवी, गिरगाव आणि ग्रँट रोड अशी चार स्टेशनं मिळून.

आता आपल्याकडची खरी अडचण. आठ डब्यांची गाडी उभी राहायची म्हणजे प्लॅटफॉर्मच दीडशे मीटरच्या वर जातो, त्याला दोन्ही टोकांना पंख्यांच्या, विजेच्या खोल्या, आणि दोन ट्रॅक, प्लॅटफॉर्म, जिने असं सगळं आडवं मांडलं की मोकळ्या जागेत वीस मीटरहून रुंद खड्डा खणतात. जगन्नाथ शंकरशेठ रोड तेवढा रुंद कुठे आहे? दोन्ही बाजूंना पागडीच्या, उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) इमारती, कित्येक शंभरीच्या आसपासच्या, लाकडी जिने, काहींना आधीपासूनच टेकू. म्हणून काही इमारती जाणार आणि तिथल्या लोकांना याच भागात घरं देणार असं ठरलंय. लोक चिडलेले आहेत, घाबरलेले आहेत, आणि ते मला अगदी साहजिक वाटतं, कारण इथे घर म्हणजे खालचं दुकान, वरची खोली, समोरचं देऊळ आणि चार पिढ्यांचे शेजारी हे सगळं एकत्र आलेलं असतं, ते चटईक्षेत्रात मोजता येत नाही.

९ सप्टेंबर २०१७

अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले. रस्त्याच्या कडेला जेवढी जागा उरलीये तेवढ्यातून लोक गेले, कार्यकर्त्यांनी दोर धरून गर्दी सांभाळली.

या आठवड्यात आमच्या इमारतीवर छोटे काचेचे प्रिझम चिकटवून गेले. दोन मुलं होती, एक ओडिशाचा, एक झारखंडचा, टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, समोरच्या गच्चीवर लावलं आणि रीडिंग घेतलं. तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं की हे काय कॅमेरे लावले का, तेव्हा मी समजावलं की काका, हे आरसे आहेत, लांबून मशीन यावर किरण टाकतं आणि इमारत किती खचली, किती कलली ते मिलिमीटरमध्ये कळतं. रस्ता किती खचतो ते बघायला सेटलमेंट मार्कर ठोकलेत, भिंतीवर कल मोजणारा टिल्ट मीटर आलाय, जमिनीतलं पाणी किती खाली गेलं ते बघायला पिझोमीटरची भोकं मारलीत.

काकांच्या खोलीत खिडकीवर जुनी भेग आहे. तिच्यावर मी स्वतः काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी बसवून दिली आणि तारीख लिहिली. भेग वाढली तर काच तडकते, इतकं सोपं आहे ते, आणि ज्याला रीडिंग वाचता येत नाही त्यालासुद्धा ते दिसतं. मला वाटतं हे प्रत्येक घरात असायला हवं. कंपनीच्या संगणकातलं रीडिंग कितीही बरोबर असो, भाडेकरूला त्याच्या भिंतीचं उत्तर त्याच्या भिंतीवर मिळालं पाहिजे.

१७ डिसेंबर २०१७

हायकोर्टाने रात्रीचं काम बंद करायला सांगितलंय, रात्री दहा ते सकाळी सहा. आवाजाची तक्रार दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांनी नेली होती. रात्री दगड फोडणारा ब्रेकर चालू असतो तेव्हा तान्हं मूल असलेल्या घराचं काय होतं ते मी बघितलंय, त्यामुळे तक्रार खोटी आहे असं मी कधी म्हणणार नाही.

पण कामावर याचा काय परिणाम होतो ते पण लिहून ठेवलं पाहिजे. खणलेली माती-दगड, ज्याला साइटवर सगळे मक म्हणतात, ती डंपरने न्यायची तर दिवसा या भागात डंपर कुठून जाणार. काँक्रीट आणणारे ट्रान्झिट मिक्सर पण तसेच, एकदा स्लॅबचं काँक्रीट सुरू केलं की मध्येच थांबवता येत नाही, थांबवलं तर कोल्ड जॉइंट, म्हणजे जुना आणि नवा थर एकजीव न झालेला सांधा, राहतो आणि जमिनीखालच्या बांधकामात कोल्ड जॉइंट म्हणजे पुढे पाणी गळायची जागा. विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, दिवसभर खणायचं आणि मक आतच साठवून ठेवायचा, मग दुसऱ्या दिवशी खणायला जागाच नसते."

३१ ऑगस्ट २०१८

या महिन्यात हायकोर्टाने रात्रीच्या कामाला परवानगी दिली, आवाजाच्या अटींसकट. सात-आठ महिने गेले त्यात. रात्री खिडक्या बंद करून झोपतोय.

२५ सप्टेंबर २०१८

परवा विसर्जन आणि काल लाईनवरचा पहिला ब्रेकथ्रू, म्हणजे बोगदा आरपार झाला. मरोळच्या पाली मैदानातून निघालेलं वैनगंगा टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं मशीन, आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या टी-२ स्टेशनात बाहेर आलं, साधारण सव्वा किलोमीटरचा बोगदा. वर्गात व्हिडिओ दाखवला, भिंत थरथरते, मग चकतीचा आकार उमटतो, मग सगळं कोसळून कटरहेड, मशीनची दगड फोडणारी चकती, फिरताना दिसतो, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याही अंगावर काटा आला.

एकूण १७ मशीन आहेत या लाईनवर आणि सगळ्यांना आपल्या नद्यांची नावं दिलीत, वैतरणा, तानसा, सूर्या, कृष्णा, गोदावरी, तापी, वैनगंगा. आपल्या पॅकेजच्या मशीन आझाद मैदानातल्या शाफ्टमधून, म्हणजे खोल उभ्या खड्ड्यातून, निघणार. मशीनचं काम मुलांना असं सांगितलं : पुढे कटरहेड दगड फोडतो, फुटलेला मक मागे येतो, मशीनच्या पाठीमागे काँक्रीटचे आधीच ओतून ठेवलेले सेगमेंट जोडून एक पूर्ण रिंग बसवतात, त्यातला शेवटचा छोटा तुकडा तो की सेगमेंट, मग त्याच रिंगवर जॅक टेकवून मशीन स्वतःला पुढे ढकलतं. रिंग आणि दगड यांच्यात जी फट राहते ती लगेच ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरायची असते. ही फट भरायला उशीर झाला तर वरची जमीन खचते, म्हणून वर राहणाऱ्यांनी कटरहेडपेक्षा ग्राउटिंगची चौकशी जास्त करावी असं माझं मत आहे.

९ डिसेंबर २०१८

काळबादेवी-प्रिन्सेस स्ट्रीटकडची दोन पारशी अग्निमंदिरं, वाडियाजी आतश बेहराम आणि अंजुमन आतश बेहराम, यांच्या परिसराखालून बोगदा जाऊ नये म्हणून पारशी समाजातले लोक कोर्टात गेले होते. हायकोर्टाने बाजू ऐकून काम पुढे न्यायला परवानगी दिली. श्रद्धेचा भाग आहेच, पण याचिकेत विहिरीचा मुद्दाही होता आणि तो तांत्रिकदृष्ट्या हलका नाही. खणताना पाणी उपसलं की आसपासच्या जमिनीतली पातळी उतरते, विहीर आटू शकते, आणि जुन्या इमारतींचा पाया ज्या भरावावर उभा आहे तो भराव कोरडा होऊन दबू शकतो. हेच गिरगावातल्या प्रत्येक चाळीला लागू आहे, फक्त चाळीकडे वकील नसतो.

३० जून २०१९

पाऊस धो धो. पत्र्यांच्या फटीतून बघितलं तर खड्ड्यात पंप चालू, पाईप वर आलेत, बाहेर एका टाकीत गाळ बसवून मग पाणी गटारात सोडतायत.

शाळेतल्या मुलांसाठी भूगोलाच्या बाईंनी मला अर्धा तास बोलायला सांगितलं होतं, त्यात मी मुंबईखालचा दगड सांगितला. लोकांना वाटतं खाली सगळा काळा कातळ, बेसाल्ट, एकदा लागला की झालं. पण मुंबईत बेसाल्टबरोबर ब्रेशिया आहे, टफ आहे, काही ठिकाणी शेल, वर कुजलेला मुरूम, आणि त्याच्याही वर माणसांनी बेटं जोडताना टाकलेला भराव. खणायच्या एकाच तोंडावर खाली कडक आणि वर भुसभुशीत असं लागलं तर मशीनला सगळ्यात त्रास, कारण कडक भागाला जोर लावावा तर मऊ भागातून जास्त मक ओढला जातो, आणि जास्त मक म्हणजे वर पोकळी. म्हणून प्रत्येक रिंगला किती मक निघाला याचा हिशोब ठेवतात. हिशोबापेक्षा जास्त निघाला तर थांबा आणि वर जाऊन रस्ता बघा, असा नियम.

१२ ऑक्टोबर २०१९

आरेतली झाडं. ४ तारखेच्या रात्रीपासून मेट्रोच्या डेपोसाठी तोडायला सुरुवात केली आणि ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली. मी मेट्रोच्या बाजूची आहे, गिरगावात बसची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांसाठी मला ही मेट्रो हवीये, आणि तरीही रात्रीच्या अंधारात कुऱ्हाडी चालवणं मला पटलं नाही. ज्या कामाची गरज उजेडात सांगता येते ते उजेडात करावं. डेपोशिवाय लाईन चालत नाही हे खरंय, गाड्या धुणार कुठे, तपासणार कुठे, पण त्या आठवड्यात लोकांचा जो विश्वास गेला तो आपल्या गल्लीतसुद्धा जाणवतोय, आता प्रिझमचं रीडिंग घ्यायला आलेल्या मुलालाही लोक उलटसुलट बोलतात आणि त्याचा बिचाऱ्याचा काय संबंध.

२६ एप्रिल २०२०

लॉकडाऊन. रस्ता इतका शांत कधी ऐकला नव्हता. अर्धवट खणलेला खड्डा सोडून घरी जाता येत नाही हे लोकांना सांगायला हवं, पंप चालू ठेवावेच लागतात, आधार तपासावेच लागतात, नाहीतर पाण्याचा दाब बाजूच्या भिंती आत ढकलतो. म्हणून कॅम्पात राहणाऱ्या कामगारांच्या जिवावर हे सगळं चाललंय. ओडिशाचा तो सर्वेवाला मुलगा मात्र गावी निघून गेला असं कळलं. सुखरूप पोचला असेल अशी आशा आहे.

१४ फेब्रुवारी २०२१

आज मोठी नोंद, कारण रविवारी विद्यार्थी घरी आला होता, साबुदाण्याची खिचडी खात दोन तास बोलला आणि मला शेवटी नाटम पद्धत नीट कळली असं वाटतंय. एनएटीएम, न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड, साइटवर सगळे नाटमच म्हणतात.

गिरगाव आणि काळबादेवी इथे रस्ता अरुंद म्हणून सगळं स्टेशन वरून उघडं खणणं शक्यच नाही. मग जेवढी जागा वर मिळते तेवढ्यात शाफ्ट खाली न्यायचा आणि खाली गेल्यावर आडवं, इमारतींच्या खालून, हाताने पोकळी वाढवत जायचं. हाताने म्हणजे ब्रेकर, छोटं पोकलेन, कुठे नियंत्रित सुरुंग. टीबीएमला एकच गोल माहीत, साधारण साडेसहा मीटरचा, त्यात प्लॅटफॉर्म बसत नाही. प्लॅटफॉर्मची जागा माणसांनी कोरावी लागते.

क्रम असा. आधी छताच्या कडेने पुढच्या दगडात आडवे पाईप ठोकून त्यात ग्राउट भरतात, म्हणजे खणायच्या आधीच डोक्यावर एक छत्री तयार होते. मग तोंडाचा वरचा भाग, हेडिंग, थोडासाच पुढे खणायचा, एक-दीड मीटर. लगेच शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारायचं काँक्रीट, मारायचं, जाळी लावायची, लॅटिस गर्डर, म्हणजे सळ्यांची कमान, उभा करायचा, परत शॉटक्रीट, दगडात रॉक बोल्ट. मग मोजायचं. पोकळी आत किती दाबली जातेय, त्याला कन्व्हर्जन्स म्हणतात, ते रोज मोजतात, आणि आकडे स्थिर झाले तरच पुढे. हेडिंग पुढे गेलं की मग खालचा भाग, बेंच, काढतात. दगड खराब लागला तर एकच तोंड दोन-तीन तुकड्यांत विभागून खणायचं.

मी विचारलं दिवसाला किती होतं रे. म्हणाला, "मॅडम, चांगला दगड असेल तर एक फेरी, आणि पाणी लागलं तर त्या दिवशी शून्य."

या पद्धतीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भूगर्भतज्ज्ञ प्रत्येक फेरीनंतर तोंडासमोर उभा राहून दगडाचा नकाशा काढतो, सांधे कुठल्या दिशेला आहेत, पाणी झिरपतंय का, आणि त्यावर आजचा आधार ठरतो. म्हणजे डिझाईन ऑफिसात अर्धं होतं आणि उरलेलं अर्धं खाली, दगड बघून. आमच्या सिलॅबसमध्ये याला एक पान आहे. मी यंदापासून तीन लेक्चर देणारे.

आणि तळमजल्यावरच्या काकांची काचेची पट्टी : पहिली गेल्या पावसाळ्यात तडकली. मी लगेच साइट ऑफिसला जाऊन सांगितलं, त्यांचा माणूस आला, क्रॅक मीटर बसवला, भेग मिलिमीटरच्या आतच उघडली होती आणि मग थांबली. दुसरी पट्टी बसवलीये, ती शाबूत आहे. काका रोज सकाळी दात घासताना तिच्याकडे बघतात.

३१ ऑगस्ट २०२२

आज गणपती बसले, आणि काल आरेजवळ सारीपुतनगरहून लाईनवरच्या पहिल्या गाडीची चाचणी झाली. आठ डब्यांची गाडी, आंध्रातल्या श्रीसिटीला बांधलेली. उत्तरेकडे गाडी धावतेय आणि आपल्याकडे अजून मक निघतोय. चाळीत विचारलं गेलं की मग आपलं का मागे? त्याचं उत्तर पुढच्या नोंदीत, कारण ते नीट लिहायचंय.

१ डिसेंबर २०२२

काल महालक्ष्मीला शेवटचा, ४२ वा ब्रेकथ्रू झाला. तानसा मशीनने मुंबई सेंट्रल-महालक्ष्मी दरम्यानचे ८३७ मीटर पूर्ण केले, ५५८ रिंगा, म्हणजे एक रिंग दीड मीटरची. जायचा आणि यायचा असे दोन्ही बोगदे धरून पन्नास किलोमीटरच्या वर भुयार मुंबईखाली तयार आहे. सगळ्यांनी पेढे वाटावेत असंच काम आहे हे, मनापासून सांगते. पहिल्या ब्रेकथ्रूपासून चार वर्षं दोन महिने, त्यात करोना.

पण उद्या पेपरात "भुयारीकरण १०० टक्के" असं येईल आणि लोकांना वाटेल आता सहा महिन्यांत गाडी. तसं होणार नाही, आणि का होणार नाही हेच मला एवढी वर्षं लिहून कळलंय. भुयारी मेट्रोत बोगद्याची बातमी होते, वेळ मात्र स्टेशन खातं. बोगदा एका मशीनचं काम आहे, एका तालात, रिंगमागून रिंग, वर काय चाललंय याचा त्याला फारसा फरक पडत नाही. स्टेशनला वर यावं लागतं. आणि वर आलं की पाण्याची जुनी लाईन, ड्रेनेज, गॅस, बेस्टच्या केबल, ज्यांचे नकाशे अर्धे चुकीचे, वर दुकानं, वर मिरवणुका, वर कोर्टाचे आदेश, वर ज्यांचं घर गेलं ती माणसं. ही सगळी कामं एकेक करून सुटतात, मशीन वाढवून वेग वाढत नाही. मोकळ्या मैदानातलं, बीकेसीसारखं स्टेशन आणि गिरगावचं स्टेशन यांची टक्केवारी एकाच तक्त्यात मांडली की गिरगाव आळशी दिसतं, आणि ते अन्यायाचं आहे.

उरलेलं काम : नाटम पोकळीचं पक्कं अस्तर, वॉटरप्रूफिंग, प्लॅटफॉर्म आणि कॉनकोर्सचे (तिकिटाच्या मजल्याचे) स्लॅब, प्रवेशद्वारं, ट्रॅक, वीज, सिग्नल, पंखे.

१९ नोव्हेंबर २०२३

वॉटरप्रूफिंगवर थोडं. शॉटक्रीटच्या खडबडीत अंगावर आधी जाड कापडासारखा जिओटेक्स्टाईल, त्यावर प्लास्टिकचा मेंब्रेन, सांधे गरम करून वेल्ड केलेले, आणि प्रत्येक सांधा हवेचा दाब देऊन तपासायचा. मग सळ्या आणि काँक्रीट. सळी बांधताना एखाद्या तारेने मेंब्रेनला भोक पडलं तर ते आत्ता कुणालाच दिसत नाही, दिसतं ते पाच वर्षांनी टाईल्सवर ओल आल्यावर, आणि तेव्हा पाणी नक्की कुठून शिरतंय ते शोधणं जवळपास अशक्य. म्हणून सळ्या बांधणारा फिटर या टप्प्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस. त्याचं नाव कुठल्याही पाटीवर येणार नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वर्षभरात काहीच बदललेलं नाही. तेच पत्रे. चिराबाजारातला एक दुकानदार म्हणाला, "ताई, आत कोणी आहे का तरी?" खाली तीन पाळ्यांत लोक राबतायत, हे त्याला दिसायला पत्र्यात एक खिडकी असती तरी खूप झालं असतं. महिन्याला एक फोटो लावा पत्र्यावर, आतला, तारीख टाकून. एवढी साधी गोष्ट आहे.

८ ऑक्टोबर २०२४

आरे ते बीकेसी सुरू झाली, ५ तारखेला उद्घाटन आणि कालपासून लोकांसाठी. १२.६९ किमी, १० स्टेशनं. मी कॉलेजच्या पोरांना घेऊन जाणारे, मुद्दाम स्क्रीन डोअर दाखवायला. दाराने प्लॅटफॉर्म बोगद्यापासून बंद राहतो, त्यामुळे थंड हवा बोगद्यात वाया जात नाही आणि गर्दीत कुणी रुळावर पडत नाही. ट्रेनमध्ये लोंबकळत आयुष्य काढलेल्या शहरात या दुसऱ्या कारणाचं मोल वेगळं सांगायला नको.

११ मे २०२५

दुसरा टप्पा, बीकेसी ते वरळीचा आचार्य अत्रे चौक, कालपासून. ९.७७ किमी, सहा स्टेशनं. मिठी नदीच्या खालून गाडी आली आता. शीतलादेवी, दादर, सिद्धिविनायक. आपल्या दारात यायला अजून ११ स्टेशनांचा टप्पा बाकी.

२८ मे २०२५

परवा मुंबईत मान्सून आला, २६ मे, हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता, आणि आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं. एका प्रवेशद्वाराचं काम चालू होतं, तिथे पाणी अडवायला बांधलेली तात्पुरती भिंत कोसळली. गाड्या वरळीपर्यंतच ठेवाव्या लागल्या. चिखलाचं पाणी जिन्यावरून उतरतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले.

मला फोनवर फोन. "बघा, आपलं पण बुडणार." मी जे सांगितलं ते इथे लिहिते. पूर्ण झालेल्या भुयारी स्टेशनचं दार रस्त्यापेक्षा उंच असतं, आधी पायऱ्या चढायच्या आणि मग उतरायचं, ते पुरासाठीच. वर फ्लड गेटची सोय, खाली सम्प, म्हणजे पाणी गोळा करायचा खड्डा, आणि पंप. धोका असतो तो अर्धवट दारात, जिथे अजून उंचवटा झालेला नाही आणि मधली भिंत तात्पुरती आहे. तात्पुरत्या कामाचं डिझाईन आणि तपासणी पक्क्या कामाइतकीच कडक हवी, हे आम्ही फॉर्मवर्कच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्यांच्या, पहिल्या तासाला शिकवतो. जूनची तारीख धरून मेमध्ये ढिलाई चालत नाही, पाऊस आता कॅलेंडर बघून येत नाही. आपल्याकडची दारं पण अजून अर्धवट आहेत, मी काल साइट ऑफिसला पत्र देऊन आले, आमच्या आणि शेजारच्या दोन चाळींच्या सह्यांसकट, की या पावसासाठी प्रत्येक उघड्या तोंडाचं काय केलंय ते आम्हाला लेखी कळवा.

९ ऑक्टोबर २०२५

काल पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, त्याच दिवशी नवी मुंबई विमानतळाचंही, आणि आज पहाटे आचार्य अत्रे चौक ते कफ परेड लोकांसाठी उघडली. १०.९९ किमी, ११ स्टेशनं. आता आरे ते कफ परेड अख्खी लाईन चालू. तिकीट १० ते ७० रुपये.

कॉलेजला जायच्या आधी गेले. काकांना बरोबर घेतलं, दोन्ही गुडघे गेलेत पण एस्कलेटर आणि लिफ्ट असल्यामुळे जमलं. खाली मोबाईलला रेंज नव्हती. मी मात्र छताकडे बघत होते. इथून वर काय असेल, कुठली चाळ, याचा अंदाज लावायचा प्रयत्न केला आणि मग काकांनीच दिशा बरोबर सांगितली. प्लॅटफॉर्मच्या भिंतीला हात लावून बघितला, कोरडी होती, ऑक्टोबरात, पावसाळा नुकताच संपल्यावर.

बोगदे २०२२ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाले होते. गिरगावला गाडी २०२५ च्या ऑक्टोबरात आली. मधली जवळपास तीन वर्षं स्टेशनची. ज्यांना पुढे कुठे भुयारी लाईनचं वेळापत्रक करायचंय त्यांनी ही तफावत समोर ठेवून करावं.

विद्यार्थ्याला फोन केला. तो आता दुसऱ्या शहरात दुसऱ्या लाईनवर आहे, मागे ब्रेकर वाजत होता, नीट ऐकू येत नव्हतं, मी ओरडूनच अभिनंदन केलं.

१६ नोव्हेंबर २०२५

पाहणी करून आले. प्रवेशद्वारापासून बसस्टॉपपर्यंतचा फुटपाथ सलग नाही, व्हीलचेअर जाणार नाही. रस्ता पूर्ववत करताना एका ठिकाणी गटाराचं झाकण रस्त्यापेक्षा वर राहिलंय. दोन्ही गोष्टींचे फोटो काढून वॉर्ड ऑफिसला दिलेत.

पुनर्वसनाची वही वेगळी सुरू केलीये. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब अजून उपनगरात भाड्याने राहतंय, आजी दर चतुर्थीला तिथून गिरगावात देवदर्शनाला येते, आता मेट्रोने येते. त्यांच्या खोलीचा ताबा मिळेल तेव्हा तारीख त्या वहीत लिहीन. इमारतीवरचे प्रिझम अजून काढलेले नाहीत आणि काढू नयेत असं पत्रात लिहिलंय, गाड्या धावायला लागल्यानंतरचं निदान एक पावसाळ्याचं रीडिंग आम्हाला हवंय. काकांच्या भिंतीवरची पट्टी त्यांनी काढू दिली नाही, मी फक्त आजची तारीख खाली घातली.